पश्चात्ताप म्हणजे नुसतं वाईट वाटणं नाही: रमाबाई आणि केडगावचे ते सहा महिने

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं आणि ज्यांचा डेटा महिनाअखेर संपतो, त्यांच्यासाठी या आठवड्याचा एपिसोड लिहून देतोय.

पश्चात्ताप हा शब्द चर्चमध्ये इतक्यांदा कानावर पडतो की त्याचा अर्थ विचारायचं राहूनच जातं. बहुतेकांच्या डोक्यात अर्थ एकच: वाईट वाटणं. डोळ्यांत पाणी आलं की झाला पश्चात्ताप. पण जुन्या करारातले संदेष्टे जो हिब्रू शब्द वापरतात, 'शूव', त्याचा साधा अर्थ आहे मागे फिरणं, परत येणं. नव्या करारातला ग्रीक शब्द 'मेटानोइया', म्हणजे मन बदलणं. रडणं दोन्हींत कुठेच नाही. रडू आलं तर येऊ द्या, पण मुद्दा फिरण्याचा आहे.

यहूदाचंच बघा ना. येशूला धरून दिल्यावर त्याला पस्तावा झाला, चांदीची तीस नाणी त्यानं परत केली, 'मी पाप केलं' हेही कबूल केलं. मत्तयानं तिथे मेटानोइया वापरलेला नाही, खंत वाटण्याचा वेगळा शब्द वापरलाय. यहूदा याजकांकडे गेला, येशूकडे परत आला नाही. पेत्रानंही त्याच रात्री तीनदा येशूला नाकारलं आणि तोही रडला. पण तो परत आला.

आता आपल्या महाराष्ट्रातली गोष्ट. पुलगाववरून पुण्याला नोकरीसाठी जाणाऱ्यांनो, दौंड सोडल्यावर केडगाव नावाचं स्टेशन लागतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलं. शाळेच्या पुस्तकात रमाबाई भेटतात त्या समाजसुधारक म्हणून, संस्कृतच्या पंडिता म्हणून. त्यांच्या प्रार्थनेबद्दल फारसं कुणी सांगत नाही.

रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, विधवांना शिकवायला सुरुवात केली. एवढं सगळं चालू असताना आपलं काहीतरी राहिलंय, हे त्यांना जाणवत होतं. पुढे १९०७ मध्ये इंग्रजीत लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी हे स्वच्छ मांडलं. आशय असा, की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो मिळायला बाप्तिस्म्यानंतर आणखी आठेक वर्षं गेली. एवढी नावाजलेली बाई, परदेशात व्याख्यानं दिलेली, हे छापून सांगते! मला त्यांच्या पांडित्यापेक्षा हे धाडस मोठं वाटतं.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात गेल्या (आपला वर्धा जिल्हाही तेव्हा मध्यप्रांतातच होता) आणि उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या. उपासमार त्यांना नवी नव्हती. त्यांचे आईवडील आणि बहीण दुष्काळातच गेले होते. केडगावचं मुक्ती वाढत गेलं ते अशा मुलींमुळे.

मग आलं १९०५. जानेवारीपासून साधारण सत्तर जणी रोज सकाळी प्रार्थनेला जमू लागल्या. मागणं काय? भारतातल्या सगळ्या ख्रिस्ती लोकांचं खरंखुरं परिवर्तन व्हावं, आणि 'आमचंही'. हा शेवटचा शब्द नीट ऐका. आपल्या प्रार्थनासभांत देशासाठी, शेजाऱ्यासाठी, बिघडलेल्या भावासाठी मागणं असतं, आणि मागणारा मात्र त्या यादीत नसतो. रमाबाईंनी स्वतःचं नाव यादीत घातलं.

जूनअखेरीस मुक्तीत जे झालं त्याला लोक संजीवन म्हणतात: मोठमोठ्यानं प्रार्थना, रडणं, पापं कबूल करणं. काहींना तो गोंगाट वाटला, टीकाही झाली. माझं मत विचाराल तर, आपण त्या जूनकडेच बघत बसतो. त्याआधीचे सहा महिने बघायला हवेत. रोज उठायचं, जमायचं, तेच मागायचं, आणि डोळ्यांना काही दिसत नसताना पुन्हा दुसऱ्या दिवशी उठायचं. ॲपवरचा बायबलवाचनाचा स्ट्रीक तुटला म्हणून आठवडाभर तोंड लपवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. दिवस मोजायला तिथे कुणी बसलं नव्हतं.

मग आपण सुरुवात कुठून करायची? लूकच्या १८ व्या अध्यायातली परूशी आणि जकातदाराची गोष्ट घ्या. परूशाच्या प्रार्थनेत इतर लोकांची पापं आहेत, शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा उल्लेखसुद्धा आहे. जकातदाराच्या प्रार्थनेत फक्त तो आणि देव. आज रात्री प्रार्थना झाल्यावर आठवून बघा, तुमच्या प्रार्थनेत कितीजणांच्या चुका होत्या. आणि पाप सांगताना 'मी चुकलो, क्षमा कर' असं मोघम नको. काय केलं, कुणाचं नुकसान झालं, नाव घेऊन सांगा. देवाला ते माहीतच असतं. स्पष्ट बोलण्याची गरज आपल्याला आहे.

इथे हमखास प्रश्न येतो: देवानं माफ केलं, तर माणसाकडे कशाला जायचं? मत्तयाच्या ५ व्या अध्यायात येशू सांगतो की वेदीजवळ अर्पण घेऊन आलेला असलास तरी ते तिथेच ठेव, आधी भावाशी समेट करून ये. म्हणजे मित्राचे उसने घेतलेले दोन हजार द्यायचे. व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणाबद्दल खोटं पसरवलं असेल, तर त्याच ग्रुपवर दुरुस्त करायचं, त्याला एकट्याला गुपचूप 'सॉरी' पाठवून नाही. अवघड आहे, मान्य. म्हणूनच ५१ व्या स्तोत्रात दावीद 'मी सुधारतो' असं म्हणत नाही, देवाकडे नवं मन मागतो.

या आठवड्यात लूकचे १८ आणि १९ हे दोन अध्याय सलग वाचा. १९ व्यात जक्कय भेटेल, तोही जकातदारच, आणि फसवून घेतलेलं चौपट परत करायला निघालेला. पुढच्या एपिसोडमध्ये रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेल्या मराठी बायबलबद्दल बोलू. ते त्यांनी साध्या बायकांना समजेल अशा मराठीत केलं, आणि मुक्तीच्या छापखान्यात तिथल्याच बायकांनी ते छापलं.