आधी कोठार, मग बाण

वयाच्या बावन्नाव्या वर्षी मी पहिल्यांदा जर्मनी चालवायला घेतला आणि पोलंडशी हरलो. इतिहासात जे काम पाच आठवड्यांत उरकले, त्यात माझे सैन्य वॉर्साच्या अलीकडेच रुतून बसले. तुकड्या भरपूर होत्या. नकाशावर मी काढलेले चढाईचे बाणही झोकदार होते. फक्त बंदुका नव्हत्या. कोठाराच्या तक्त्यात बंदुकांसमोर उणे चिन्ह होते आणि ते वर्षभर तिथे होते. मी तो तक्ता एकदाही उघडला नव्हता.

हा प्रसंग अर्थातच संगणकाच्या पडद्यावरचा. खेळाचे नाव ‘हार्ट्स ऑफ आयर्न ४’. स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स या कंपनीने तो ६ जून २०१६ रोजी, नॉर्मंडीच्या चढाईच्या वर्षदिनी, बाजारात आणला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला एक देश निवडायचा, १ जानेवारी १९३६ किंवा १४ ऑगस्ट १९३९ पासून आरंभ करायचा आणि त्या देशाचे कारखाने, राजकारण, संशोधन, भूदल, नौदल, हवाईदल असे सगळे एकट्याने सांभाळायचे. यात बंदूक घेऊन धावायचे नसते. युद्धमंत्री, अर्थमंत्री आणि सरसेनापती या तिन्ही खुर्च्यांवर एकाच वेळी बसायचे असते. त्यामुळे नवा खेळाडू तासाभरात तक्त्यांच्या गर्दीत हरवतो आणि पळ काढतो.

हा लेख त्या पळणाऱ्यांसाठी आहे. आणि महायुद्धाची जाडजूड पुस्तके वाचणाऱ्या, पण व्हिडिओ गेम म्हटले की नाक मुरडणाऱ्या माझ्या पिढीसाठीही आहे. सेनापतींची चरित्रे वाचून मला जे वर्षानुवर्षे उमगले नव्हते, ते या खेळाने एका हिवाळ्यात उमगवले. लढाईचा निकाल बहुतेक वेळा कोठारात आधीच लागलेला असतो.

थांबायला शिका

खेळातले घड्याळ तासातासाने पुढे सरकते. त्याला पाच वेग आहेत आणि स्पेसबार दाबला की ते थांबते. थांबलेल्या घड्याळातही सगळे हुकूम देता येतात. ही सवलत वापरण्यात लाज बाळगू नका. युद्ध पेटल्यावर पाचव्या वेगाने खेळणारा नवशिका हरतो, यात नवल काहीच नाही.

पहिल्या डावासाठी दोन गोष्टी आधीच ठरवून टाका. ‘आयर्नमॅन’ ही पद्धत बंद ठेवा, म्हणजे चूक झाल्यावर मागच्या जतन केलेल्या डावावर परतता येईल. आणि इतर देशांनी इतिहासाला धरून वागावे, ही सोय चालू ठेवा. मग आपण वाचलेला इतिहासच आपला मार्गदर्शक होतो. ऑस्ट्रिया कधी गिळला जाणार, पोलंडवर संकट कधी येणार, हे ठाऊक असणे नवशिक्याच्या फार कामी येते.

देश कोणता घ्यावा? खेळातला शिकवणीचा डाव इटलीचा आहे. १९३६ च्या आरंभी इटली इथिओपियावर चालून गेलेलाच होता, तिथून धडा सुरू होतो. त्यानंतर इटली किंवा जर्मनी घ्यावा. ब्रिटन मोहक वाटतो. पण सात समुद्रांवर पसरलेला तो पसारा नवख्याला झेपत नाही.

डाव उघडताच घड्याळ थांबवून पाच गोष्टी करा: संशोधनाला विषय द्या, राष्ट्राचे धोरण निवडा (बहुतेक धोरणांना ७० दिवस लागतात), बांधकाम लावा, उत्पादन लावा आणि सैनिकांच्या प्रशिक्षणाकडे नजर टाका. मगच घड्याळ सोडा.

कारखान्यांचा हिशेब

कारखाने मुख्यतः दोन प्रकारचे असतात. नागरी कारखाना नव्या वास्तू बांधतो, परदेशातून कच्चा माल आणतो आणि जनतेच्या रोजच्या वस्तूही पुरवतो. लष्करी कारखाना शस्त्रे बनवतो. जहाजांसाठी गोद्या वेगळ्या. नवशिका पहिल्याच दिवशी लष्करी कारखाने बांधायला घेतो, कारण खेळ युद्धाचा आहे. इथेच तो चुकतो.

एक नागरी कारखाना बांधायला १०,८०० एकक श्रम लागतात, लष्करी कारखान्याला ७,२००. बांधकामावर लावलेला एक नागरी कारखाना मुळात दिवसाला ५ एकके देतो. म्हणजे एका नागरी कारखान्याने स्वतःसारखा दुसरा उभा करायला २,१६० दिवस, जवळजवळ सहा वर्षे. १ जानेवारी १९३६ पासून पोलंडवरच्या हल्ल्यापर्यंत दिवस मिळतात अवघे १,३३९. चांगले रस्ते, नवे तंत्र आणि योग्य कायदे यांनी बांधकामाचा वेग बराच वाढतो, म्हणून सुरुवातीचे नागरी कारखाने वेळेत आपली किंमत वसूल करतात. उशिरा बांधलेले करत नाहीत. म्हणून १९३९ मध्ये युद्धात उतरणाऱ्या देशासाठी साधा नियम असा: पहिली दोन वर्षे नागरी, १९३८ उजाडले की लष्करी. शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. बियाणे किती राखायचे आणि दाणे किती खायचे, हाच तो प्रश्न आहे.

कच्च्या मालात हे प्रकार येतात: पोलाद, तेल, ॲल्युमिनियम, रबर, टंगस्टन आणि क्रोमियम. एक नागरी कारखाना परदेशी व्यापाराला दिला की ८ एकक माल मिळतो. म्हणजे आयातीची किंमत पैशात नाही, न झालेल्या बांधकामात मोजायची असते.

बंदूक रोज बदलू नका

शस्त्रनिर्मितीत कार्यक्षमता नावाची एक पट्टी असते. नव्या उत्पादनाची सुरुवात १० टक्क्यांवर होते आणि कामगारांचा हात बसत जातो तशी ती ५० टक्क्यांपर्यंत चढते. पुढची मर्यादा संशोधनाने वाढते. आज बंदुका, उद्या तोफा, परवा रणगाडे असे केले की हात बसण्याआधीच काम बदलते आणि पट्टी कोसळते. म्हणून थोडीच शस्त्रे निवडा, त्यांवर पुरेसे कारखाने लावा आणि मग ती घडी मोडू नका.

आता माझ्या पोलंडमधल्या फजितीचा हिशेब मांडतो. पायदळाच्या एका बटालियनला १,००० माणसे आणि १०० बंदुका लागतात. नऊ बटालियनची एक डिव्हिजन धरली तर ९०० बंदुका. एका सेनानीच्या हाताखाली २४ डिव्हिजन चालतात; त्यांना २१,६०० बंदुका हव्यात. ५० टक्के कार्यक्षमतेने चालणारा एक कारखाना दिवसाला साध्या बंदुका साधारण साडेचार देतो. दहा कारखाने लावले तर दिवसाला ४५, आणि एवढ्या बंदुका व्हायला ४८० दिवस. शिवाय लढाईत रोज झिजणाऱ्या बंदुका वेगळ्या. माझ्याकडे साठ डिव्हिजन होत्या आणि बंदुकांवर कारखाने आठ. हा गुणाकार मी पराभवानंतर केला.

दोन पट्ट्या

नकाशावरच्या प्रत्येक तुकडीवर दोन पट्ट्या दिसतात. हिरवी पट्टी संघटनेची, म्हणजे शिस्त आणि दम यांची. दुसरी बळाची, म्हणजे माणसे आणि सामान किती उरले याची. हिरवी संपली की तुकडी माघार घेते, मग माणसे शिल्लक का असेनात. ती विश्रांतीने भरून येते. दुसरी पट्टी विश्रांतीने भरत नाही. तिला कोठारच लागते.

यावरून चढाईची रीत ठरते. आघाडीची रेषा आखा, चढाईचा बाण काढा आणि लगेच हुकूम देऊ नका. तयारीत उभ्या असलेल्या सैन्याला योजनेचा लाभ दिवसागणिक वाढत मिळतो. तो भरला, हिरव्या पट्ट्या भरल्या, की मग निघा. चढाई थबकली तर थांबा, पुन्हा दम भरू द्या. अडलेल्या सैन्याला तसेच रेटत राहणे म्हणजे दुसरी पट्टी जाळणे. आणि सगळी आघाडी एकदम ढकलू नका. पायदळाने रेषा धरावी, मोजक्या बळकट तुकड्यांनी एकाच जागी फोडून आत शिरावे आणि शत्रूला वेढावे. वेढलेल्या शत्रूला रसद मिळत नाही, माघारीला वाटही उरत नाही.

रसद

मराठी वाचकाला रसद समजावून सांगण्याची गरज नसावी. १७६१ च्या पानिपतावर तोफा होत्या, शूर माणसे होती. पण अब्दालीने रसद तोडली आणि उपाशी फौज रणात उतरली.

खेळातली रसद राजधानीतून निघते आणि लोहमार्गाने रसदकेंद्रांपर्यंत पोहोचते. तिथून पुढे गाड्या आणि ट्रक. मार्गातला सर्वांत कमकुवत तुकडा संपूर्ण मार्गाची क्षमता ठरवतो. बाकीचा लोहमार्ग कितीही उत्तम असला तरी उपयोग नाही. केंद्रापासून दूर गेलात की पुरवठा आटतो, रसदीच्या नकाशावर प्रदेश लाल होतो आणि उभ्या उभ्या सामान झडू लागते. अशा ठिकाणी आणखी तुकड्या पाठवणे म्हणजे उपाशी पंगतीला आणखी पाने मांडणे. तुकड्या कमी करा, लोहमार्ग वाढवा, पुढचे केंद्र जिंका.

१९४१ मध्ये रशियात शिरलेल्या जर्मनांना याचाच फटका बसला. सोव्हिएत रुळांची रुंदी युरोपीय रुळांपेक्षा अधिक होती. जर्मन गाड्या पुढे न्यायच्या तर मैलोन्‌मैल रूळ बदलावे लागत. मॉस्कोच्या थंडीबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. थंडीचे कपडे पोलंडमध्ये पडून का राहिले, याचे उत्तर रुळांमध्ये सापडते.

आकाश आणि समुद्र

आकाशाबाबत नवशिक्याला एवढे पुरे: आधी लढाऊ विमाने, मग बाँबफेकी. विमानांचा पल्ला लढाईच्या प्रदेशाला पुरतो का, ते तपासा. समुद्राबाबत थोडे अधिक. समुद्रापारचा व्यापार आणि समुद्रापारच्या सैन्याची रसद मालवाहू जहाजांवर चालते. खेळात ती पडद्याच्या वर एका आकड्याच्या रूपात दिसतात. शत्रूच्या पाणबुड्या तो आकडा कुरतडत असतात. तो शून्याकडे गेला की तेल थांबते, रबर थांबते, परदेशातली फौज उपाशी पडते. म्हणून एखादी गोदी नेहमी मालवाहू जहाजांवरच ठेवा.

आकड्यामागे

मात्र या आकड्यापाशी मी अडखळतो. १९४२ मध्ये ब्रह्मदेश पडला आणि तिथून बंगालला येणारा तांदूळ बंद झाला. जपानी येतील म्हणून बंगालच्या किनारी भागातल्या नावा सरकारने काढून घेतल्या. लष्करी खर्चाने भाव भडकले. १९४३ मध्ये बंगालसाठी धान्य आणायला लंडनच्या युद्धमंत्रिमंडळाने पुरेशी जहाजे दिली नाहीत. सरकारी चौकशी आयोगाने मृतांचा अंदाज सुमारे १५ लाख सांगितला. नंतरच्या अभ्यासकांचे अंदाज ३० लाखांपर्यंत जातात. जहाजांचे वाटप करणारे लोक माझ्यासारखाच एक तक्ता समोर घेऊन बसले होते. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ हे दारूगोळा आणि कापूस भरलेले जहाज पेटून फुटले, शेकडो माणसे मेली. खेळाच्या हिशेबात हे एक जहाज उणे.

खेळ तयार करणाऱ्यांनी नाझींच्या मृत्युछावण्या त्यात जाणीवपूर्वक घेतलेल्या नाहीत. त्यांचा खेळ होऊ नये, हे मला पटते. पण मग खेळणाऱ्यावर एक जबाबदारी येते. जर्मनी चालवताना आपण त्या राज्याचे कारखाने चालवतो आणि त्याचे गुन्हे पडद्याबाहेर राहतात, हे त्याने विसरू नये. भूक, निर्वासित, बेचिराख गावे खेळात आलीच तर टक्केवारी होऊन येतात.

मनुष्यबळाचेही तसेच. सक्तीच्या भरतीचा कायदा बदलला की लोकसंख्येच्या २.५ टक्क्यांऐवजी ५ टक्के माणसे सैन्याला उपलब्ध होतात. एक टिचकी पुरते. शिकवणीच्या डावातला इटली आठवा. त्याच इटलीत मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी लढल्या. रायगड जिल्ह्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, मशीनगनच्या ठाण्यावर एकट्याने चालून जाऊन, धारातीर्थी पडले. नगर जिल्ह्यातले शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर जखमी सोबत्यांना वाहून आणले आणि पुन्हा शत्रूच्या ठाण्यांवर गेले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. खेळात ते सारे खोरे बोटभर रुंदीचे आहे. मी आता तिथून सैन्य नेताना घड्याळाचा वेग कमी करतो. त्याने डावात काही फरक पडत नाही.

शेवटची सूचना सर्वांत सोपी आहे. पहिला डाव तुम्ही हरणार. हरलात की रागाने संगणक बंद करू नका. मागचे जतन केलेले डाव एकेक करून उघडा आणि कोठाराच्या तक्त्यात उणे चिन्ह पहिल्यांदा कोणत्या महिन्यात आले ते शोधा. माझ्या डावात ते ऑगस्ट १९३८ मध्ये आले होते. युद्ध सुरू व्हायला तेव्हा एक वर्ष बाकी होते.