मांजराची खाज आणि घराचा बंदोबस्त

१९५४ च्या २ ऑगस्टला सिल्वासा पोर्तुगीज अंमलातून मुक्त झाले, तेव्हापासून त्याच्या आसमंताचे रूप इतके पालटले आहे की, जेथे वारली आणि कोकणा लोकांची कुडाची घरे, शेणाने सारवलेली अंगणे आणि पलीकडे सागाचे रान एवढाच पसारा होता, तेथे आज सुताचे नि प्लास्टिकचे कारखाने, देशाच्या चारी दिशांनी आलेल्या कामगारांच्या चाळी आणि सोसायट्यांच्या उंच इमारती दाटीने उभ्या आहेत. परंतु घराची तऱ्हा बदलली तरी घरातील मांजराची नेमणूक काही रद्द झाली नाही. पाड्यावरचे मांजर अजून कणगीतल्या भाताची राखण करते आणि इमारतीतले मांजर, राखण्यासारखे काही नसले तरी, गॅलरीत बसून खाली चाललेल्या रहदारीची हजेरी घेते. या दोघांचे जीवनमान भिन्न असले तरी त्यांच्यावर चालून येणारे शत्रू मात्र एकच आहेत, आणि ते म्हणजे पिसवा, गोचिडी आणि पोटातील जंत. मांजर खाजवू लागले म्हणजे आपले लक्ष जाते ते त्याच्या अंगाकडे. वास्तविक खाज ही या प्रकरणातील अखेरची घटना असून, तिच्या आधीचा सारा कारभार आपल्याच घरात, आपल्याच पायांखाली, कित्येक आठवडे निर्वेधपणे चाललेला असतो.

या कारभाराला सिल्वासाचे हवामान फार मानवते. दमणगंगेच्या या खोऱ्यात वर्षाकाठी २००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंती ओल धरतात, गाद्या दमट होतात आणि ऊन केव्हा पडेल याचा नेम नसतो. हवेतील आर्द्रता पन्नास टक्क्यांखाली उतरली की पिसवेच्या अळ्या सुकून मरतात, हे शास्त्रज्ञांना ठाऊक आहे. परंतु ज्या प्रदेशात चार महिने आर्द्रता सहसा त्या मर्यादेखाली उतरतच नाही आणि हिवाळाही कडाक्याचा नसतो, त्या प्रदेशात निसर्ग आपण होऊन पिसवांचा नायनाट करील, ही आशा बाळगणे व्यर्थ होय.

मांजरावरील पिसवेला शास्त्रात टीनोसेफॅलिडिस फेलिस असे नाव आहे. नाव मांजराचे असले तरी कुत्र्यांच्या अंगावरही बहुधा हीच जात सापडते. दोन-तीन मिलिमीटर लांबीचा, दोन्ही बाजूंनी चपटा, पंखहीन असा हा कीटक एकदा का मांजराच्या केसांत शिरला, की तो बहुधा तेथेच राहतो, रक्त पितो आणि एक-दोन दिवसांत अंडी घालू लागतो. ऐन भरात असलेली मादी दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालते. ही अंडी गुळगुळीत असल्याने केसांना चिकटून राहत नाहीत. मांजर जेथे निजते, उडी मारते, अंग झाडते तेथे ती गळून पडतात, आणि त्यांतून निघालेल्या अळ्या उजेडाला पाठ फिरवून फरशीच्या सांध्यांत, पलंगाखाली, सोफ्याच्या घड्यांत दडी मारतात. या अळ्यांचे अन्न कोणते म्हणाल, तर मांजराच्या अंगावरील वडीलधाऱ्या पिसवांची विष्ठा, जी मुख्यतः न पचलेले, सुकलेले रक्तच असते. गिरणीच्या मुंबईत राबणारा कोकणी माणूस महिन्याच्या महिन्याला गावाकडे मनीऑर्डर धाडी आणि तिच्यावर सारे बिऱ्हाड पोसले जाई, तसाच हा व्यवहार आहे: कमावती मंडळी थोडी आणि ती मांजराच्या अंगावर, खाणारी मंडळी पुष्कळ आणि ती जमिनीवर. एखाद्या घरातील पिसवांचा सारा जमाव धरला, तर त्यातील सुमारे पाच टक्केच प्रौढ पिसवा प्राण्याच्या अंगावर असतात; उरलेले पंचाण्णव टक्के अंडी, अळी आणि कोश या रूपांत घरात पसरलेले असतात. मांजराला औषध लावूनही पिसवा हटत नाहीत, अशी जी तक्रार सर्वत्र ऐकू येते, तिचे कारण औषधाच्या भेसळीत क्वचित आणि या हिशेबात बहुधा सापडते.

यातील सर्वांत चिवट अवस्था कोशाची. कोशातील पिसू बाहेर येण्यास तयार झाली तरी यजमानाची चाहूल लागेपर्यंत कित्येक आठवडे, प्रसंगी महिनेही, आत थांबून राहू शकते. पावलांची कंपने, अंगाची ऊब आणि श्वासातील कार्बन डायऑक्साइड हे तिला मिळणारे संकेत होत. दिवाळीत किंवा उन्हाळी सुटीत खोलीला कुलूप लावून मूळ गावी गेलेले कुटुंब परत येते आणि उंबरा ओलांडताच घोट्यांवर चावे बसू लागतात, तेव्हा हा उपद्रव सुटीत बाहेरून आला असे वाटते. पण तो आधीपासूनच तेथे मुक्काम ठोकून असतो. म्हणूनच एकदा फवारा मारून स्वस्थ बसणे पुरत नाही. घरातील प्रत्येक कुत्र्या-मांजरावर, एकाच वेळी, आणि निदान तीन महिने खंड न पाडता उपाय चालू ठेवावे लागतात, म्हणजे कोशांतून मागाहून निघणाऱ्या पिसवांनाही अंडी घालण्यास अवसर मिळत नाही.

पिसवेला क्षुद्र समजणे आपल्याला शोभण्यासारखे नाही, कारण तिच्या एका भाईबंदाने मुंबई इलाख्याला जो धडा दिला तो अद्याप विस्मृतीत गेलेला नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला. त्याचा प्रसार उंदरावरील पिसू करते, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ साली, तेव्हा याच इलाख्यात असलेल्या कराचीत, प्रयोगाने दाखवून दिले. त्या काळी सरकारी वैद्यकीय सेवेत असलेले अँड्र्यू ब्युकॅनन यांनी तर १९०८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लेख लिहून, मांजरे पाळणे हाच प्लेगवरील सुलभ इलाज होय, असा पक्ष मांडला. मांजरालाही प्लेग होऊ शकतो हे पुढे उघड झाले, तेव्हा हा इलाज वाटला तितका निर्धोक नव्हता. मांजरावरील पिसू ही उंदरावरील पिसवेहून निराळी खरी, पण तीही निरुपद्रवी नाही: लहान पिलाचे रक्त पिऊन ती त्याला पांढुरके, मरणोन्मुख करू शकते; कित्येक मांजरांना तिच्या लाळेची अशी काही ॲलर्जी असते की, दोन-चार चाव्यांनीच पाठीवर, शेपटीच्या मुळाशी केस गळून खपल्या धरतात; आणि मांजराने ओरबाडल्यावर माणसाच्या गाठी सुजविणारा बार्टोनेला हा जंतूही मांजरामांजरांत पसरतो तो तिच्याच विष्ठेमार्फत.

पिसू आणि जंत यांचा संबंध तर थेट आहे. डायपिलिडियम नावाच्या पट्टकृमीची अंडी पिसवेची अळी गिळते. ती अळी मोठी होऊन मांजराच्या अंगावर येते, मांजर अंग चाटताना तिला गिळते आणि कृमी आतड्यात जाऊन रुजतो. मांजराच्या गुदद्वाराभोवती किंवा त्याच्या अंथरुणावर तांदळाच्या दाण्याएवढे, कधी कधी हालचाल करणारे पांढरे तुकडे दिसले, तर ते या कृमीचे खंड समजावेत, आणि जंताच्या औषधाबरोबर पिसवांचाही समाचार घ्यावा. एकाला हात लावून दुसऱ्याला मोकळे सोडले, तर काही आठवड्यांतच पुन्हा तीच फिर्याद उभी राहते. उंदीर मारणाऱ्या मांजराला उंदरातून दुसऱ्या जातीचा पट्टकृमी मिळतो. गोलकृमी, म्हणजे टोक्सोकारा कॅटी, मातेच्या दुधातूनच पिलांच्या पोटात उतरतो, यास्तव जन्मापासून घराबाहेर न पडलेले पिलूही जंतमुक्त असेलच असे नाही. अंकुशकृमीच्या अळ्या तर ओल्या मातीतून पंजाची त्वचा भेदून आत शिरतात.

गोचिडीची हकीकत थोडी वेगळी. मांजर स्वतःचे अंग इतके मन लावून चाटते की, कुत्र्याच्या मानाने त्याच्या अंगावर गोचिडी कमी टिकतात. ज्या टिकतात त्या कान, मान, हनुवटी, बोटांच्या बेचक्या अशा जिभेला सहज न सापडणाऱ्या जागी. परंतु ज्या घरात शेजारी गोठा आहे, दारात कुत्रा बांधलेला आहे आणि मांजर रानाच्या कडेने हिंडून येते, तेथे ही जोखीम वाढते. गोचिडी कोणते रोग वाहून नेऊ शकतात हे आपल्या बाजूच्या मुलखांनी पाहिले आहे: शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात १९५७ साली प्रथम ओळखला गेलेला माकडताप अलीकडे सिंधुदुर्गापर्यंत पोहोचला, आणि २०११ च्या जानेवारीत गुजरातेतील साणंद तालुक्यात क्रिमियन-काँगो ज्वराचे रोगी आढळले, तेव्हा त्याचे निदान पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने केले. हे ज्वर मांजरापासून आले असे कोणी म्हटलेले नाही. पण चिकटलेली गोचीड बोटांनी चिरडण्याची सवय मात्र त्यावरून सोडून द्यावी. बारीक टोकाच्या चिमट्याने तिला कातडीच्या अगदी लगत धरावे, पिळा न देता सरळ, सावकाश ओढून काढावे, नंतर हात धुवावे. रॉकेलचा बोळा किंवा जळती काडी लावण्याचा प्रयोग करू नये.

आता या साऱ्या विषयातील सर्वांत गंभीर मुद्दा. आपल्याकडे पुष्कळ घरांत गुरांच्या गोचिडींसाठी डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिनची बाटली आणि कुत्र्यासाठी पर्मेथ्रिनची पावडर ठेवलेली असते, आणि खाजणारे मांजर पाहून दयाळू माणूस त्यातलेच थोडे, कमी मात्रा घातली म्हणजे झाले, अशा समजुतीने, मांजरालाही लावतो. ही दया मांजराच्या जिवावर बेतते. या वर्गातील द्रव्ये निष्प्रभ करून बाहेर टाकण्याची जी रासायनिक क्रिया इतर प्राण्यांच्या यकृतात चालते, ती मांजराच्या यकृतात फारच दुर्बळ असते. त्यातच मांजर अंगावरचे सर्व चाटून पोटात घेते. काही तासांत त्याचे अंग थरथरू लागते, लाळ गळते, झटके येतात. अशी चूक झालीच, तर अंग कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने धुऊन, विलंब न लावता पशुवैद्याकडे न्यावे. कुत्र्यांसाठीचे अमित्राझ, डांबरगोळ्या, फिनेल, तंबाखूचे पाणी, रॉकेल, लसूण आणि तथाकथित नैसर्गिक सुगंधी तेले हीही मांजराच्या बाबतीत वर्ज्य मानावीत. मांजरासाठी म्हणून तयार केलेली, मानेच्या मागच्या बाजूस, जेथे त्याची जीभ पोहोचत नाही तेथे, कातडीवर टाकण्याची फिप्रोनिल किंवा सेलामेक्टिनची थेंबऔषधे मिळतात. ती वय आणि वजन सांगून पशुवैद्याच्या सल्ल्याने घ्यावीत. अगदी लहान पिलांवर औषधापेक्षा बारीक दातांची फणीच अधिक हितावह.

फणीचा आणखी एक उपयोग आहे. मांजर पिसवा गिळून टाकते, त्यामुळे पिसू डोळ्यांना दिसली नाही म्हणून ती नाही असा निर्णय देता येत नाही. फणीत आलेले काळे कण पांढऱ्या कागदावर टाकून त्यांवर पाण्याचा थेंब सोडावा. कणाभोवती तांबूस डाग पसरला तर ते रक्त आहे, अर्थात पिसू हजर आहे. मग घराकडे वळावे: मांजराच्या अंथरुणावरील कापड आठवड्यातून एकदा ६० अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात धुवावे, पलंग आणि कपाटे हलवून त्यांखालचा केर काढावा, फरशीचे सांधे स्वच्छ करावेत, केर घरात न साठवता बाहेर टाकावा, आणि पावसाने उघडीप देताच गाद्या उन्हात घालाव्यात.

जंताच्या औषधाला मात्र लक्षणांची वाट पाहू नये, तारखेची पाहावी. पिलाला तिसऱ्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला, दूध सुटल्यावर सहा महिन्यांपर्यंत दरमहा, आणि बाहेर हिंडणाऱ्या प्रौढ मांजराला दर तीन महिन्यांनी औषध द्यावे, असा सर्वसाधारण प्रघात आहे. पिलांना दूध पाजणाऱ्या मांजरीलाही पिलांबरोबरच द्यावे. गोलकृमी आणि अंकुशकृमी यांवर पायरँटेल, पट्टकृमीवर प्राझिक्वांटेल चालते. मात्रा वजनावर ठरते, अंदाजावर नव्हे.

मुलांचे रक्षण करणाऱ्या षष्ठीचे, आपल्या सटवाईचे, वाहन मांजर आहे अशी आपली परंपरा सांगते. तेव्हा मुलांच्या आरोग्याच्या नावाखाली मांजराला पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून येणे हा उपाय नव्हे. गोलकृमीची अंडी विष्ठेतून पडल्यानंतर संसर्गक्षम होण्यास दोन ते चार आठवडे लागतात. रोजच्या रोज विष्ठा उचलली, मुलांच्या खेळण्याची वाळू झाकून ठेवली आणि जेवणापूर्वी हात धुण्याचा नेम पाळला, तर अळीच्या रूपाने मुलाच्या डोळ्यापर्यंत जाऊ शकणारा हा धोका फार मोठ्या प्रमाणावर टळतो. वाचकांना एवढीच विनंती, की मांजर पाळणाऱ्याने येत्या पावसाळ्यापूर्वी घरातील कालनिर्णयावर त्याच्या औषधाच्या तारखा लिहून ठेवाव्यात, आणि बाटलीवर मांजराचे नाव छापलेले नसेल तर ती बाटली त्याच्यासाठी उघडू नये.