बाहेर गेलेली माणसे आणि गावातील घरे

घर, पाणी, शाळा या गावाच्या गरजा केवळ शासनाच्या अनुदानातून भागत नाहीत. परगावी व परदेशी गेलेल्या बांधवांचाही त्यात वाटा असतो. माधवनगरच्या आपण रहिवाशांनी त्याचा विचार आपल्याच जिल्ह्यापासून करावा.

खानापूर, आटपाडी हा दुष्काळी भाग. शेतीवर भागेना म्हणून तेथील तरुण सोने-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या धंद्यात शिरले आणि दिल्ली, कोलकाता, तामिळनाडू, केरळपर्यंत पसरले. एकाने दुकान मांडावयाचे व मागाहून भाऊ, भाचा, गाववाला यांना बोलवावयाचे, अशी ही साखळी. भट्टीची धग व तेजाबाचा धूर सोसून मिळविलेल्या पैशातून विटा परिसरात पक्की घरे उभी राहिली.

मुंबईच्या गिरण्यांत गेलेले सातारा-सांगलीकडील कामगारही एका खोलीत दाटीने राहून गावी मनिऑर्डर पाठवीत. जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला आणि हा ओघ आटला. बाहेरचा पैसा कायमचा नसतो, हा त्यातील धडा.

शिवाय ज्या कुटुंबातून कोणीच बाहेर पडले नाही, त्याचे छप्पर गळतच राहते. शेजारी मात्र नवा बंगला कुलूपबंद असतो. म्हणून वैयक्तिक घराबरोबरच सहकारी गृहनिर्माण संस्था, अभ्यासिका, वसतिगृह यांसाठी थोडा वाटा काढला पाहिजे.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. जागा कोणाच्या नावे आहे व पैसा कोणाचा आहे, हे पाया खणण्यापूर्वीच लिहून ठेवले तर भावाभावांतील वाद टळतात.

दुसरी गोष्ट देणगीची. भारतीय नागरिक असलेल्या बांधवाने परदेशातील स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठविलेली रक्कम विदेशी देणगी धरली जात नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्याची मात्र धरली जाते. ती स्वीकारण्यास २०१० च्या कायद्यानुसार संस्थेला नोंदणी अथवा पूर्वपरवानगी लागते आणि २०२० च्या दुरुस्तीनुसार ती स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच घ्यावी लागते.

बाहेर गेलेल्या बांधवांकडे आपण नुसती पावतीपुस्तके पाठवू नयेत. दरवर्षी जमाखर्चही पाठवावा. शिकलेल्या विद्यार्थ्यांनी हे काम अंगावर घेतल्यास विश्वास वाढेल, आणि विश्वास असेल तेथे मदत न मागता येते.