कानाला मेटल, डोळ्याला बायबल

डेथ मेटल पहिल्यांदा ऐकणाऱ्याच्या एक गोष्ट लगेच लक्षात येते: गाणारा काय म्हणतोय ते अजिबात कळत नाही. मग अशा संगीतात धर्माचा संदेश सांगणारा बँड चालतो तरी कसा? त्याचं उत्तर बरंचसं त्या न कळण्यातच आहे. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या ‘मॉर्टिफिकेशन’ या ख्रिस्ती डेथ मेटल बँडची कारकीर्द टप्प्याटप्प्याने पाहिली की ते उलगडतं.

आधी हा आवाज तयार कसा होतो ते पाहू. गिटार आणि बास यांच्या तारा नेहमीपेक्षा सैल करून सूर खाली उतरवतात आणि त्यावर अ‍ॅम्प्लिफायरचा जाड, खरखरीत थर चढवतात. ड्रमवादक दोन्ही पायांनी बास ड्रम वाजवतो. त्याची खास चाल म्हणजे ब्लास्ट बीट: स्नेअर, बास ड्रम आणि झांज यांचे ठोके इतक्या वेगाने पडतात की ते सुटे ऐकू येत नाहीत, त्यांची एक सलग भिंत होते. गायकाचा गुरगुराट, म्हणजे ग्रोल, हा नुसता घसा ताणून काढलेला आवाज नसतो. खऱ्या स्वरपट्ट्यांच्या वर घशात आणखी दोन घड्या असतात, त्या थरथरवून तो काढतात. त्यात व्यंजनांच्या कडा पुसल्या जातात. शब्द हवे असतील तर कॅसेट किंवा सीडीसोबतची पुस्तिका उघडून वाचावे लागतात.

म्हणजे एकाच अल्बमचे दोन भाग झाले. कानाला मिळतो तो आवाज आणि डोळ्याला मिळतो तो आशय. आवाज इतर डेथ मेटल बँडसारखाच ठेवला तरी पुस्तिकेत काय छापायचं ते बँडच्या हातात उरतं. त्यात हे विषय ख्रिस्ती लेखकाला परकेही नाहीत. प्रेतं, रोगराई, युद्ध, नरक हा डेथ मेटलचा नेहमीचा ऐवज. बायबलमध्ये इजिप्तवर कोसळलेल्या पीडा आहेत, यहेज्केलने पाहिलेलं सुक्या हाडांचं खोरं आहे, प्रकटीकरणातला संहार आहे. विषय तेच राहतात, फक्त सांगणारा कोणाच्या बाजूने उभा आहे ते बदलतं.

मॉर्टिफिकेशनची मुळं ‘लाइटफोर्स’ या मेलबर्नच्याच ख्रिस्ती हेवी मेटल बँडमध्ये आहेत. त्याचे बासवादक स्टीव्ह रो यांनी १९९० मध्ये आवाज कितीतरी कडक केला आणि नवं नाव घेतलं. ड्रमवर जेसन शेरलॉक होते, गिटारवर आधी कॅमेरॉन हॉल आणि मग मायकेल कार्लायल आले. गायचं आणि बासही वाजवायचा, ही दोन्ही कामं रो यांनी स्वतःकडे ठेवली. तिघांचा बँड प्रवासाला आणि रेकॉर्डिंगला स्वस्त पडतो. शिवाय गिटारवादक किंवा ड्रमवादक सोडून गेला तरी बँडचा आवाज आणि शब्द जागेवर राहतात. पुढे ही रचना फार उपयोगी पडली.

बँडच्या नावाचाच पहिला अल्बम १९९१ मध्ये आला. तो काढला अमेरिकेतल्या इंटेन्स रेकॉर्ड्सने. ही कंपनी ख्रिस्ती बाजारासाठी काम करायची. अमेरिकेत तेव्हा धार्मिक पुस्तकांच्या दुकानांचं मोठं जाळं होतं आणि तिथे ख्रिस्ती रॉक, पॉप, मेटलही विकलं जायचं. दुसरं दार युरोपात उघडलं. जर्मनीची न्यूक्लिअर ब्लास्ट ही निखळ मेटल कंपनी. तिला बँडच्या धर्माशी देणंघेणं नव्हतं, आवाज पुरेसा जबर हवा होता. एका दुकानात पुस्तिकेच्या जोरावर आणि दुसऱ्या दुकानात आवाजाच्या जोरावर तोच माल खपू लागला. १९९२ चा ‘स्क्रोल्स ऑफ द मेगिलोथ’ हा या जुळणीचा कळस. आवाजात तो कुठल्याही समकालीन डेथ मेटल बँडच्या तोडीचा होता, आणि पुस्तिकेत बायबल होतं.

पण ही जुळणी मॉर्टिफिकेशनमध्ये फार काळ टिकली नाही. १९९३ च्या ‘पोस्ट मोमेन्टरी अफ्लिक्शन’नंतर शेरलॉक बाहेर पडले. नॉर्वेत तेव्हा ब्लॅक मेटल या सैतानाचा जयघोष करणाऱ्या मेटलच्या वर्तुळातले काही जण चर्च जाळत होते. शेरलॉक यांनी त्याच ब्लॅक मेटलचा थंड, कर्कश आवाज उचलला आणि ‘होर्ड’ या नावाने एकट्याने सगळी वाद्यं वाजवून १९९४ मध्ये ‘हेलिग उस्वार्ट’ हा सैतानविरोधी अल्बम काढला. त्यावर स्वतःचं नावही घातलं नाही. हा अल्बमही न्यूक्लिअर ब्लास्टनेच काढला.

इकडे रो यांनी १९९४ च्या ‘ब्लड वर्ल्ड’मध्ये वेग कमी केला. गुरगुराटाच्या जागी ओरडून गायलेले, बरेचसे कळणारे शब्द आले, ठेका थ्रॅश मेटलकडे झुकला. संदेश थेट पोचवायचा असेल तर हे सरळच होतं. पण शब्द कळू लागले की आशय पुस्तिकेत थांबत नाही, तो कानावर येतो. केवळ आवाजासाठी आलेल्या डेथ मेटलच्या श्रोत्याला त्या जुळणीतलं आता काय उरलं? याच सुमाराला कार्लायलही गेले. पहिल्या अल्बमवरच्या तिघांमधले फक्त रो उरले आणि बँड तरीही चालत राहिला. त्यांनी ‘रो प्रॉडक्शन्स’ ही स्वतःची कंपनीही उभी केली, म्हणजे एखादं दार बंद झालं तरी अल्बम अडणार नव्हता.

१९९६ मध्ये ‘एन्व्हिजन इव्हँजेलीन’ आला. त्यातलं पहिलंच गाणं अठरा मिनिटांहून लांब आहे. त्याच काळात रो यांना तीव्र ल्युकेमिया झाल्याचं निदान झालं. या आजारात अस्थिमज्जा अपक्व पांढऱ्या पेशींनी भरून जाते आणि निरोगी रक्त तयार होईनासं होतं. १९९७ मध्ये त्यांच्यावर अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालं. त्यातून उठून त्यांनी १९९८ मध्ये ‘ट्रायम्फ ऑफ मर्सी’ काढला. मृत्यू हा डेथ मेटलचा ठरलेला विषय, पण तो स्वतःच्या हाडांतून अनुभवून लिहिणारे थोडेच. त्यानंतरही वादक बदलत राहिले, अल्बम येत राहिले. ‘रेल्म ऑफ द स्केलाटॉर’ २०१५ चा, म्हणजे पहिल्या अल्बमनंतर चोवीस वर्षांनी.

ऐकायचं असेल तर १९९२, १९९४ आणि १९९८ हे तीन अल्बम याच क्रमाने ऐकावेत, आधी शब्द न वाचता आणि मग वाचत. पहिल्यात दोन वेगळे श्रोते एकाच अल्बमवर कसे जमतात ते कळतं, दुसऱ्यात ते का पांगतात ते. तिसऱ्यात त्या दोघांचा हिशेब न ठेवता, जगून उठलेला माणूस गातो. मला विचाराल तर सर्वांत घट्ट संगीत पहिल्यात आहे, पण रो यांनी बँड इतका काळ का सोडला नाही ते तिसऱ्यातच समजतं.