नाव एकाचं, गाणं दोघांचं

चोवीस वर्षं अल्बमच्या कव्हरवर एका वेळी एकाचंच नाव होतं आणि गाणी मात्र दोघांची होती. गिलियन वेल्च आणि डेव्हिड रॉलिंग्ज या अमेरिकन जोडीची ही गोष्ट. कुणासोबत तरी मिळून काही केलेल्या आणि त्यावरून भांडलेल्या प्रत्येकासाठी.

खरं सांगा, ग्रुप प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर आधी कुणाचं नाव टाकायचं, यावरून तुमचं कधी वाजलंय?

माझं वाजलंय. शेवटच्या वर्षाला आम्ही दोघी मैत्रिणींनी एक छोटी डॉक्युमेंटरी केली. कॅमेरा तिचा, स्क्रिप्ट माझी आणि एडिटिंगला दोघीही रात्र रात्र बसलेल्या. सबमिशनच्या आदल्या दिवशी प्रश्न आला, ‘दिग्दर्शन’ या शब्दाखाली आधी नाव कुणाचं? मार्क चांगले मिळाले. आम्ही मात्र पुढचा दीड महिना एकमेकींशी बोललो नाही.

त्याच दिवसांत एका रात्री यूट्यूबने आपणहून एक गाणं लावलं. दोन गिटार, दोन आवाज, बस्स. ड्रम नाही, बीट नाही. एक आवाज बाईचा, शांत, जरा थकलेला. त्याला अगदी लगटून दुसरा आवाज, पुरुषाचा. खाली नाव एकच होतं, गिलियन वेल्च.

मग हा दुसरा कोण?

ऑडिशनच्या रांगेत भेटलेली जोडी

त्याचं नाव डेव्हिड रॉलिंग्ज. दोघांची भेट झाली ती बोस्टनच्या बर्कली कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये. तिथे एक कंट्री बँड होता आणि त्याच्या ऑडिशनला हे दोघं आले होते.

गिलियन वाढली लॉस एंजेलिसमध्ये. आईवडील टीव्हीच्या कार्यक्रमांसाठी संगीत करायचे. कॅलिफोर्नियात कॉलेजला असताना ती चक्क गॉथ बँडमध्ये बास वाजवायची. मग एक दिवस तिच्या कानावर स्टॅन्ली ब्रदर्सची रेकॉर्ड पडली. अमेरिकेच्या ॲपलाचियन डोंगराळ भागातलं दोन भावांचं गाणं. खाणी, शेती, देव, मरण असं सगळं त्यात. तिला कळून चुकलं, आपल्याला गायचंय ते हेच.

1992 मध्ये दोघं नॅशव्हिलला गेले. कंट्री संगीताची ती पंढरीच. 1996 मध्ये ‘रिव्हायव्हल’ हा पहिला अल्बम आला. कौतुक झालं, तशी टीकाही झाली. शहरात वाढलेल्या मुलीने डोंगरातल्या गरिबांची गाणी का गावीत, असं काही समीक्षकांनी विचारलं. तिने उत्तरादाखल वाद घातला नाही. ती गात राहिली आणि तो वाजवत राहिला.

बोर्डावर कुणाचं नाव?

आता मुद्द्यावर येऊ. गाणी दोघं मिळून लिहायचे. गिटारच्या सगळ्या अवघड जागा त्याच्या. 2001 च्या ‘टाइम (द रेव्हलेटर)’ या अल्बमचा निर्माताही तोच. तरी कव्हरवर नाव फक्त तिचं.

यावर दोघांचं सरळ म्हणणं असायचं की आम्ही दोन माणसांचा बँड आहोत आणि त्या बँडचं नाव आहे ‘गिलियन वेल्च’. विषय संपला.

गंमत म्हणजे 2009 मध्ये पारडं उलटं झालं. ‘डेव्ह रॉलिंग्ज मशीन’ या नावाने अल्बम आला. आता मुख्य गायक तो आणि साथीला ती. माणसं तीच, फक्त बोर्ड बदलला. ज्या गाण्याला ज्याचा आवाज पुढे हवा, त्याने पुढे यायचं.

हे वाचताना मला आमची डॉक्युमेंटरी आठवली, हे वेगळं सांगायला नको.

संगत म्हणजे काय

आपल्याकडे ‘संगत’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. गाण्याला केलेली साथ आणि माणसाची सोबत. हे दोन्ही अर्थ एकत्र ऐकायचे असतील, तर इअरफोन लावा आणि फक्त रॉलिंग्जच्या गिटारकडे लक्ष द्या.

त्याची गिटार आहे 1935 सालची, एपिफोन ऑलिम्पिक. आकाराने छोटी आणि त्या काळी स्वस्तातली. आवाज कोरडा, टोकदार. तिची ओळ सुरू असते तेव्हा तो मागे मागे असतो. ती श्वास घ्यायला थांबली की त्या फटीतून त्याचे सूर निघतात. मधूनच तो असा एखादा सूर धरतो की वाटतं, अरे, हा चुकला! पुढच्या क्षणी तो सूर जागेवर येऊन बसतो आणि आपल्याला हायसं वाटतं. दोनच माणसं आहेत, हे मग लक्षातही राहत नाही.

अशी साथ करायला समोरच्याचं नीट ऐकावं लागतं. आपली पाळी कधी येते याची वाट बघणं म्हणजे ऐकणं नव्हे.

आठ वर्षं शांतता

2003 मध्ये ‘सोल जर्नी’ आला आणि त्यानंतर गिलियन वेल्चच्या नावाचा पुढचा अल्बम थेट 2011 मध्ये. मधली आठ वर्षं ते रिकामे बसले नव्हते. कार्यक्रम सुरू होते, गाणी लिहिणं सुरू होतं. पण लिहिलेलं त्यांच्या स्वतःच्याच मनाला येत नव्हतं. मग ते बाजूला टाकायचे आणि पुन्हा लिहायला बसायचे.

आपण आठवडाभर रील टाकलं नाही तर फॉलोअर्स जातील म्हणून घाबरतो. इथे आठ वर्षं! त्यांना हे परवडलं, कारण 2001 पासून त्यांची स्वतःची लेबल होती, ‘ॲकोनी रेकॉर्ड्स’. पण मला वाटतं, त्याहून महत्त्वाची गोष्ट दुसरी आहे. ‘हे अजून जमलं नाही’ असं तोंडावर सांगणारं आणि ते सांगूनही सोबत राहणारं माणूस समोर होतं.

वादळाची रात्र

नॅशव्हिलमधला ‘वुडलँड’ हा जुना स्टुडिओ या दोघांच्या मालकीचा आहे. मार्च 2020 मध्ये एका रात्री शहरावर चक्रीवादळ आलं आणि स्टुडिओचं छप्पर उडालं. वर धो धो पाऊस, खाली अनेक वर्षांच्या टेप्स आणि वाद्यं. काळोखात दोघं सामान वाचवत राहिले.

त्यानंतर लगेच लॉकडाऊन लागला. घरात अडकलेल्या दोघांनी जुन्या टेप रेकॉर्डरवर पारंपरिक आणि इतरांची मिळून दहा गाणी रेकॉर्ड केली. ‘ऑल द गुड टाइम्स’ असं त्या अल्बमचं नाव. आणि इथे, पहिल्या अल्बमनंतर चोवीस वर्षांनी, कव्हरवर पहिल्यांदा दोघांची नावं आली. पुढच्या वर्षी त्याला सर्वोत्कृष्ट फोक अल्बमचं ग्रॅमी मिळालं.

स्टुडिओ पुन्हा उभा राहिला. 2024 मध्ये आलेल्या त्यांच्या नव्या गाण्यांच्या अल्बमचं नावही ‘वुडलँड’च. कव्हरवर दोघंही. 2025 मध्ये पुन्हा तेच ग्रॅमी.

नावं आली ती सगळ्यात शेवटी. त्याआधी हजारो तास सोबत वाजवणं होतं, टाकून दिलेली गाणी होती आणि छप्पर उडालेली एक रात्र होती.

आमच्या डॉक्युमेंटरीवर शेवटी नावं आडनावाच्या अक्षरक्रमाने गेली. त्यामुळे माझं खाली गेलं. आज आठवलं की वाईट वाटतं ते त्या क्रमाचं नाही, त्या दीड महिन्याचं वाटतं. परवा मी तिला ‘वुडलँड’ची लिंक पाठवली. दोन तासांनी रिप्लाय आला, ‘भारी आहे. तो दुसरा आवाज कुणाचाय गं?’

म्हटलं, भेट, सांगते.

तुमच्या फोनमध्येही असा एखादा नंबर असेल ना? लावा की.

ऐकायला सुरुवात कुठून कराल?

‘टाइम (द रेव्हलेटर)’, 2001 – इथूनच सुरू करा. शेवटचं गाणं जवळपास पंधरा मिनिटांचं आहे. स्किप करू नका, रात्री दिवा घालवून ऐका.

‘एव्हरीथिंग इज फ्री’ – याच अल्बममधलं गाणं. नॅप्स्टरवर लोक गाणी फुकट उतरवून घेत होते, तेव्हा लिहिलेलं. कलाकाराला पैसेच मिळणार नसतील तर त्याने काय करायचं, हा त्यातला प्रश्न आज स्ट्रीमिंगच्या काळातही तसाच आहे. फीबी ब्रिजर्ससारख्या तरुण गायिकाही म्हणूनच ते गातात.

‘द हॅरो अँड द हार्वेस्ट’, 2011 – आठ वर्षांच्या शांततेनंतरचा. पूर्ण अल्बममध्ये फक्त दोघंच.

‘वुडलँड’, 2024 – वादळानंतरचा.