एसीतला गॅस जातो कुठे?

मार्च संपत आला की एसीच्या सर्व्हिसिंगचे फोन सुरू होतात. मेकॅनिक येतो, फिल्टर धुतो, आउटडोअरला गेज लावतो आणि ठरलेलं वाक्य बोलतो, "गॅस कमी झालाय, भरावा लागेल." दोन-तीन हजारांचा आकडा ऐकून आपण मान डोलावतो, कारण आपलीही समजूत तीच असते: दोन-तीन वर्षं झाली, गॅस संपणारच.

तो संपत नाही. एसीतला गॅस म्हणजे स्कूटरमधलं पेट्रोल नव्हे. कॉम्प्रेसर, दोन कॉइल आणि त्यांना जोडणारे तांब्याचे पाइप अशा बंद वाटेने तोच गॅस वर्षानुवर्षं फिरतो, खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. तो जळत नाही, झिजतही नाही. फ्रिजही याच तत्त्वावर चालतो, आणि दहा-बारा वर्षं त्यात कोणी गॅस भरलेला नसतो. फरक असा की फ्रिजचे सांधे कारखान्यात पक्के झाळून येतात. स्प्लिट एसीचे चार सांधे मात्र कोणीतरी शिडीवर उभं राहून पान्याने आवळलेले असतात. गळती बऱ्याचदा तिथेच सापडते. समुद्राजवळची खारी हवा किंवा नाल्यातून उठणारा वायू यांनी तांब्याची कॉइल कुरतडली जाते, तीही गळते. म्हणजे गॅस खरोखरच कमी असेल, तर तो कुठून गेला हे सांगितल्याशिवाय मेकॅनिकचं काम अर्धंच झालेलं असतं.

त्याआधी मुळात तो कमी झालाय का? "कूलिंग कमी म्हणजे गॅस कमी" हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. फिल्टर धुळीने बुजलेला असतो, कॉइलवर मळाचा थर असतो, कॅपॅसिटर कमजोर होऊन आउटडोअरचा पंखा रेंगाळत फिरत असतो. मुंबई-पुण्यात तर आउटडोअर ग्रिलमध्ये कोंबलेला, त्यावर कबुतरांचा संसार. गरम हवा जाणार कुठे? शिवाय एसीची क्षमता मोजली जाते ती बाहेर ३५ अंश तापमान धरून. अकोल्यात किंवा चंद्रपुरात पारा ४५ ला टेकला की चांगला एसीही दमतो. त्याला गॅसचा दोष देऊन उपयोग नाही.

खरी खूण दिसते ती आउटडोअरला जोडलेल्या दोन पाइपांवर. एसी पंधरा-वीस मिनिटं चालू द्या. बहुतेक घरगुती स्प्लिटमध्ये सगळं ठीक असेल तर दोन्ही पाइप गार लागतात आणि जाड पाइपाच्या नटाला घाम फुटलेला असतो. गॅस कमी असेल तर बारीक पाइपाच्या नटावर पांढरं हिव धरतं आणि जाड पाइप मात्र कोरडा, कोमट राहतो. जाड पाइपावरही बर्फ चढला असेल तर संशय आधी फिल्टरवर किंवा आतल्या ब्लोअरवर घ्यावा, कारण कॉइलवरून हवाच पुरेशी जात नसते. एखाद्या नटाभोवती तेलकट, काळपट डाग दिसला तर तो नीट पाहा. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं थोडं तेलही फिरतं. गळतीच्या जागी ते पाझरतं आणि त्यावर धूळ चिकटते. आउटडोअर छज्ज्यावर असेल तर स्वतः वाकू नका, मेकॅनिकला मोबाइलवर फोटो काढून दाखवायला सांगा.

इनडोअरमधून पाणी ठिबकतं, त्याचा गॅसच्या गळतीशी सहसा संबंध नसतो. ते हवेतलं बाष्प. निचऱ्याची नळी शेवाळाने तुंबलेली असते.

"गळला तर वास येईलच" हीही समजूत स्वयंपाकाच्या सिलिंडरवरून आलेली. तिथे वास मुद्दाम मिसळलेला असतो. आर-२२, आर-४१०ए किंवा आर-३२ यांत तशी सोय नाही. एसीतून येणारा कुबट वास बुरशीचा असतो. हल्लीच्या बऱ्याच एसीत असलेला आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे, तर काही मॉडेलमधला आर-२९० म्हणजे चक्क प्रोपेन. कोणता गॅस आणि किती ग्रॅम, हे आउटडोअरच्या स्टिकरवर छापलेलं असतं. काम चालू असताना खिडक्या उघड्या ठेवा, आणि मेकॅनिकने विडी पेटवली तर संकोच न करता थांबवा.

आता "टॉप-अप करून टाका, सीझन निघेल." निघेलही, पण भोक तसंच असेल तर पुढच्या वर्षी पुन्हा तेवढेच पैसे. नीट काम असं: नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या फेसाने गळती शोधायची, सांधा दुरुस्त करायचा, पंपाने व्हॅक्यूम करून हवा आणि ओल काढायची, मग स्टिकरवरच्या वजनाइतका गॅस काट्यावर मोजून भरायचा. नुसत्या गेजवर भरणं इन्व्हर्टर एसीत फसवं ठरतं, कारण कॉम्प्रेसरचा वेग बदलला की दाबही बदलतो. "थोडा जास्तच भरा" असं तर कधीच सांगू नका. जादा गॅसने कूलिंग वाढत नाही, कॉम्प्रेसरवर ताण येतो आणि बिल वाढतं. आर-२२ च्या जुन्या एसीत आर-३२ भरून देणाराही भेटतो. दोघांचे दाब वेगळे, तेलं वेगळी. त्याला सरळ नाही म्हणावं.

उरलेला गॅस हवेत सोडून देणं ही आणखी एक सवय. आर-२२ ओझोनच्या थराला घातक. आर-४१०ए तसा नाही, पण त्याचा एक किलो शंभर वर्षांत सुमारे दोन हजार किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो.

घर बदलताना एसी काढला की गॅस जाणारच, असं भाडेकरूंना हमखास सांगितलं जातं. खरं तर एसी चालू ठेवून आधी बारीक पाइपाचा व्हॉल्व्ह बंद करतात, कॉम्प्रेसर सगळा गॅस आउटडोअरमध्ये ओढून घेतो, मग जाड पाइपाचा व्हॉल्व्ह बंद करून लगेच मशीन थांबवतात. याला पंपडाऊन म्हणतात. जाणत्या माणसाला काही मिनिटं पुरतात, आपण मात्र हे स्वतः करू नये. आत हवा ओढली गेली तर कॉम्प्रेसर फुटू शकतो. एसी उतरवायला आलेल्याने पंपडाऊन न करताच नट सैल केला आणि सूंऽऽ असा लांबलचक आवाज आला, तर नव्या घरी गॅसचे पैसे का लागतील ते कळलंच. तिथे पाइप जास्त लांब टाकावा लागला तर थोडा वाढीव गॅस मात्र खरोखर लागतो. मीटरमागे किती ग्रॅम, ते त्या मॉडेलच्या पुस्तिकेत दिलेलं असतं.