मॅपिंग फसलं तर ड्रायव्हरने काय करायचं?

अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्सचा कर्नल असतो. वायफाय चिपला मेमरीतून डेटा घेता-देता यावा म्हणून ड्रायव्हर तो तुकडा 'डीएमए मॅप सिंगल' या फंक्शनने मॅप करतो. कधी कधी हे फसतं. गंमत म्हणजे, फसल्यावर शून्य मिळत नाही; शून्य हा खराखुरा पत्ताही असू शकतो! म्हणून मिळालेला पत्ता 'डीएमए मॅपिंग एरर' कडून तपासूनच घ्यायचा. न तपासता चिपला दिला, तर ती भलत्याच मेमरीत लिहू शकते, आणि बिघाड दिसतो तिसऱ्याच ठिकाणी. बसा शोधत!

पॅकेटच्या तीन तुकड्यांपैकी तिसरा फसला? आधीचे दोन अनमॅप करा, पॅकेटची मेमरी मोकळी करा, ते टाकून द्या. हरवलेलं पॅकेट टीसीपी पुन्हा पाठवतं.